चार अंश

पंखा फिरत होता. कंप्यूटरच्या डब्याचं एका बाजूचं झाकण प्रफुल्लनं काढून भिंतीला टेकवून ठेवलं होतं, त्यामुळे पंखा त्याला नुसता ऐकू येत नव्हता, डोळ्यांना दिसतही होता. धुळीनं काळवंडलेला, पण चांगला भिरभिरत होता. वर स्क्रीनवर मात्र त्याच पंख्याचा वेग शून्य दाखवत होता आणि शून्याच्या शेजारी एक लाल ठिपका उघडझाप करत होता.

"प्रफुल्लभाऊ, ते लाल लाल तेवढं बंद करून द्या," दामिनी म्हणाली. "दिनभर आँख के सामने टिमटिम करून राह्यते."

दामिनी हॉस्पिटलच्या ब्लड बँकेत टेक्निशियन होती. ब्लड बँक म्हणजे तळमजल्यावरची एक खोली, तिच्यात रक्ताच्या पिशव्या ठेवायचा एक उभा फ्रिज, एक टेबल, आणि टेबलाखाली हा कंप्यूटर. ट्रस्टचं हॉस्पिटल, हायवेपासून थोडं आत. भिलाईतले, आसपासच्या खेड्यांतले, अहिवाऱ्याकडच्या चुनखडीच्या खाणीवरचे लोक तिथे येत. प्रफुल्ल लांजेवार तिथला कंप्यूटरवाला. छापायचं मशीन अडलं, बिलाचा कंप्यूटर हँग झाला, डॉक्टरांचा पासवर्ड विसरला की त्याला फोन यायचा. सगळं नीट चाललेलं असताना त्याला कधी कोणी फोन केलेला त्याला आठवत नव्हतं.

त्याचे वडील फकिरा साकोलीकडची शेती भावांवर सोडून भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये लागले होते, कोळशाच्या भट्टीवर, कोक ओव्हनला. मुलानंही प्लांटमध्येच लागावं असं त्यांना फार वाटे. ते झालं नाही. प्रफुल्लनं दुर्गला कंप्यूटरचा कोर्स केला, मग स्कूटरला पिशवी अडकवून सेक्टर सहाच्या मार्केटातली दुकानं आणि नेहरू नगरातले कोचिंग क्लास यांची मशीनं दुरुस्त करत कितीतरी वर्षं काढली. हॉस्पिटलची नोकरी त्यामानानं अलीकडची. घरी विजया, एक मुलगी, आणि वडिलांनी रिटायर झाल्यावर बांधलेल्या दोन खोल्या. सांगण्यासारखं त्याच्याजवळ फारसं काही नव्हतं.

एक गोष्ट मात्र होती. दोन वर्षांपूर्वी या फ्रिजचा तापमान दाखवणारा काचेआडचा आकडा बंद पडला. कंपनीचा मिस्त्री आज येतो, उद्या येतो करत आलाच नाही. तेव्हा प्रफुल्लनं एक सेन्सर आणला, त्याची बारीक वायर दाराच्या रबराखालून आत घेतली, दुसरं टोक कंप्यूटरला लावलं आणि एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. स्क्रीनवर मोठ्या अक्षरात तापमान दिसू लागलं. दोन ते सहा अंशांच्या मध्ये असलं की हिरवं, बाहेर गेलं की लाल, आणि वर घंटी. त्याहून गरम राहिलं की रक्तात जंतू वाढतात. ट्रस्टचे सचिव पाहुण्यांना घेऊन येत तेव्हा मुद्दाम ते दाखवत आणि प्रफुल्लला पुढे बोलावत. दामिनी पूर्वी सकाळ-संध्याकाळ फ्रिजमध्ये काचेचं थर्मामीटर घालून आकडा टिपायची. ते हळूहळू मागे पडलं. स्क्रीनवर आकडा समोरच असताना दार कशाला उघडायचं, असं सगळ्यांनाच वाटलं. प्रफुल्ललाही.

अक्षय्य तृतीयेच्या आधीच्या आठवड्यात त्यानं या मशीनचं कर्नल बदललं होतं. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा; मशीनच्या प्रत्येक भागाशी तोच बोलतो. रक्तसाठ्याचं सॉफ्टवेअर देणाऱ्यांनी जुन्या कर्नलवर आता आमचं चालणार नाही असं कळवलं होतं, म्हणून त्यानं नवं टाकलं. काम दुपारपर्यंत आटोपलं. मशीन सुरू झालं, सॉफ्टवेअर उघडलं, वर तापमानाचा आकडा हिरवा होता. चार. खाली मात्र पूर्वी नव्हत्या अशा बऱ्याच ओळी आल्या होत्या: पंखे, व्होल्टेज, कसलीकसली तापमानं. जुन्या कर्नलला मदरबोर्डवरची सेन्सरची चिप ओळखताच येत नव्हती, नव्याला येत होती, म्हणून ती सगळी आतली माहिती बाहेर आली होती. त्यातच तो शून्य वेगाचा पंखा आणि त्याचा लाल ठिपका. ते निवांत बघू म्हणून तो घरी गेला होता. आज दामिनीनं तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा बसला होता.

त्यानं मदरबोर्डच्या कंपनीचा नकाशा फोनवर उघडला आणि पंख्यांच्या जागा एकेक करून बोटानं मोजल्या. बोर्डावर पंख्यांसाठी कितीतरी जागा होत्या. पंखा एकाच जागी लावलेला होता. तो पंखा स्क्रीनवर दुसऱ्या ओळीत नीट वेग दाखवत होता. शून्य येत होतं ते रिकाम्या जागेचं. म्हणजे बिघाड काहीच नव्हता. जिथे काही लावलेलंच नाही तिथली ओळ लपवून टाकायची, एवढंच काम. त्याला जरा हसू आलं.

लपवायच्या ओळींची यादी करायला म्हणून तो तापमानांकडे वळला. तिथेही तेच होतं. प्रोसेसरचं तापमान बरोबर वाटत होतं. एका रिकाम्या पिनेचं एकशे सत्तावीस अंश, म्हणजे अर्थातच खोटं. दुसऱ्या एका रिकाम्या पिनेचं चार पूर्णांक शून्य.

चार हा आकडा त्यानं वाचला, पुढच्या ओळीकडे गेला, आणि परत मागे आला.

त्यानं वर मोठ्या हिरव्या अक्षरांकडे पाहिलं. तिथेही चार पूर्णांक शून्य होतं. बघता बघता खालचा आकडा चार पूर्णांक एक झाला. वरचाही झाला. मग दोन्ही पुन्हा चार पूर्णांक शून्य.

प्रफुल्लनं दोन वर्षांपूर्वीचा स्वतःचा प्रोग्रॅम उघडला. त्यात त्यानं लिहिलं होतं: दोन नंबरच्या सेन्सरचं तापमान वाचायचं. तेव्हा दोन नंबरवर फ्रिजची वायर होती. सेन्सरला नंबर कर्नल देतं, मशीन सुरू होताना जो आधी सापडेल त्याला आधीचा. नव्या कर्नलला मदरबोर्डची चिप आधी सापडली असेल, तर दोन नंबर तिचा झाला असेल आणि फ्रिजची वायर तीनवर सरकली असेल. असेल, असेल, असं तो मनात म्हणत होता. त्याच्या हाताला मात्र ते आधीच कळलं होतं. तो खुर्चीवरून उतरून खाली उकिडवा बसला, मागे हात घातला आणि फ्रिजची वायर मशीनमधून उपसून काढली.

वायर हातात घेऊन तो उठला. स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत चार पूर्णांक शून्य होतं.

"दामिनी," तो म्हणाला, "फ्रिजमध्ये थर्मामीटर टाक बरं."

"काऊन? चार हाय ना."

"टाक."

त्यानं वायर परत लावली आणि तीन नंबरचा सेन्सर वाचला. सोळा अंश. मशीनचं काही चुकलं असेल म्हणून त्यानं पुन्हा वाचला. तोपर्यंत दामिनीनं थर्मामीटर उजेडात धरलं होतं आणि तिचा चेहरा कोरा झाला होता. तिनं एका पिशवीला हात लावून पाहिला. थंड आहे की, असं ती पुटपुटली. ते खरंही होतं. बाहेर मे महिन्याचं ऊन होतं, चव्वेचाळीसच्या पुढचं. त्या उन्हातून आलेल्या हाताला सोळा अंशही थंडच लागणार. फ्रिजची मोटर नेहमीसारखी घुरघुरत होती. आतला गॅस बहुधा थोडा थोडा निघून गेला होता. केव्हापासून, ते सांगणारं काहीच नव्हतं. ज्या पिनेला कोणी काही जोडलेलंच नव्हतं, तिचं तापमान त्यानं अक्षय्य तृतीयेच्या आधीपासून मिनिटामिनिटाला साठवून ठेवलं होतं.

त्याला आणखी एक गोष्ट आठवली. पूर्वी दामिनीनं दार उघडलं की स्क्रीनवरच्या आलेखाला उंचवटा यायचा, दिवसभरात असे कितीतरी. नव्या कर्नलनंतर एकही आला नव्हता. ती सपाट रेघ त्यानं येता-जाता रोज पाहिली होती, आणि अपग्रेड चांगलं झालं, असं त्याला वाटलं होतं.

"आज कोणाले देल्लं रक्त?" त्यानं विचारलं.

"टीनाले. सकाळी पिशवी नेली सिस्टरनं." दामिनी थांबली. "ती वरतीच हाय. अजून चालू असन."

तो धावत सुटला.

टीनाला हॉस्पिटलात सगळे ओळखत. एकोणीस वर्षांची, सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या जन्मजात आजाराची पेशंट. तिचे वडील अहिवाऱ्याजवळ खाणीवर कामाला होते. आई वच्छला तिला घेऊन यायची, लहानपणापासून. टीना बी.कॉम. करत होती आणि रक्त चढत असताना एका हातानं फोनवर नोट्स वाचायची. प्रफुल्लकडून तिनं हॉस्पिटलच्या वायफायचा पासवर्ड केव्हाच काढून घेतला होता.

आताही तिच्या हातात फोनच होता. पिशवी निम्म्याहून थोडी कमी रिकामी झाली होती. प्रफुल्ल धापा टाकत पलंगाशी आला आणि सिस्टरला म्हणाला, हे बंद करा. सिस्टरनं त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या हातात राहून गेलेल्या स्क्रूड्रायव्हरकडे पाहिलं, आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कसं बंद करणार, असं शांतपणे विचारलं. तिचं बरोबर होतं. कंप्यूटरवाला येऊन सांगतो म्हणून कोणी रक्त थांबवत नाही. प्रफुल्लनं हात वर करून नळीवरचं ते छोटं चाक खाली ओढलं आणि अंगठ्यानं दाबून धरलं. वडिलांच्या शेवटच्या आजारात त्यानं सिस्टर लोकांना ते करताना अनेकदा पाहिलं होतं. थेंब पडायचा थांबला.

"का झालं, भाऊ?" वच्छला उठून उभी राहिली.

डॉक्टरबाईंना बोलवा, एवढंच तो म्हणाला. डॉक्टरबाई येईपर्यंत तो तसाच चाक धरून उभा राहिला. त्या आल्या त्या रागातच आल्या. त्यानं दोन वाक्यांत सांगितलं: फ्रिज सोळावर आहे, स्क्रीन खोटं बोलत होती. डॉक्टरबाईंचा राग जागच्या जागी विरला आणि त्याच्या जागी जे आलं ते पाहून प्रफुल्लला पहिल्यांदा खरी भीती वाटली. त्यांनी सिस्टरला पिशवी काढून तपासणीला पाठवायला सांगितलं, सुई राहू द्या म्हणाल्या, आणि टीनाच्या कपाळाला हात लावला.

"मी ठीक हूँ, मॅडम," टीना म्हणाली. पण काही वेळानं तिनं फोन उशीखाली ठेवला आणि चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. मग तिचे दात एकमेकांवर आपटू लागले. पलंगाची लोखंडी कड भिंतीला लागून होती, ती खटखट वाजायला लागली. वच्छला मुलीचे पाय दाबून धरत होती आणि सगळ्यांच्या तोंडाकडे पाहत होती. टीनाला अतिदक्षता विभागात नेलं.

दुपारी सचिवांच्या खोलीत सगळे बसले. फ्रिजमधल्या सगळ्या पिशव्या बाजूला काढून सीलबंद केल्या होत्या. कर्नल बदललं तेव्हापासून ज्यांना ज्यांना या फ्रिजमधलं रक्त दिलं गेलं त्यांना दामिनीनं तिथूनच फोन लावले. बाळंतपणाची एक बाई, अपघातातला एक ड्रायव्हर, आणखी काही. सगळे घरी होते, बरे होते. प्रत्येक फोननंतर सचिव मान हलवत. मग दामिनीनं एक नंबर लावला, पलीकडचं ऐकलं, आणि फोन टेबलावर उलटा ठेवला.

सेक्टर सहाचे नरहरी हटवार. प्लांटमधून रिटायर झालेले क्लार्क. पोटातून रक्त जात होतं म्हणून भरती झाले होते. रक्त दिलं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ते गेले. कागदावर हृदय बंद पडल्याचं कारण होतं. वय पंचाहत्तरच्या पुढचं होतं, म्हणून कोणी अधिक विचारलं नव्हतं. डॉक्टरबाईंनी त्यांची फाईल मागवून दोनदा चाळली. रक्त चालू असतानाच्या तापाची, नाडीची नोंद करायची जागा कोरी होती.

सचिव वाईट माणूस नव्हते. वीस वर्षं विनावेतन ते हॉस्पिटल सांभाळत होते. ते हळूच म्हणाले की फ्रिज आजच बिघडला असंही असू शकतं. बिघाड आज लक्षात आला, पिशव्या आज बाजूला काढल्या, आज एका मुलीला त्रास झाला आणि तिच्यावर आपण उपचार करतो आहोत. हटवारांचं वय झालं होतं. त्यांच्या घरच्यांना आता नव्यानं दुःख कशाला द्यायचं. आणि आजच बिघडला नाही, असं सिद्ध तरी कोण करणार.

खरंच, कोणी करू शकलं नसतं. साठवलेले सगळे आकडे चार होते.

"सर," प्रफुल्ल म्हणाला, "कवा बिघडला ते कोनालेच मालूम नाई. मलेही नाई. पण आज बिघडला असं मी लिवून देनार नाई."

मग डॉक्टरबाईंनी फाईल मिटली आणि सरकारी औषध विभागाला आपण मघाशीच फोन केल्याचं सांगितलं.

टीना दोन दिवस अतिदक्षता विभागात होती. तिसऱ्या दिवशी तिचा ताप उतरला. प्रफुल्ल ते दोन्ही दिवस दरवाज्याबाहेरच्या बाकावर येऊन बसत होता. वच्छला त्याच्यासाठी जागा करून द्यायची, आपल्या डब्यातलं त्याला द्यायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सांगायची की या भाऊनं पळत येऊन बंद केलं म्हणून पोट्टी वाचली. पहिल्या दिवशी त्यानं ते ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्याला ते सहन झालं नाही. फ्रिजचा आकडा स्क्रीनवर दाखवणारी ती वस्तू आपणच बसवली होती, कर्नल आपणच बदललं, आणि बदलल्यावर फ्रिजचं दार उघडून एकदाही पाहिलं नाही, हे त्यानं तिला सगळं सांगितलं.

वच्छलानं ऐकून घेतलं. तिनं डब्याचं झाकण लावलं.

"मंग आता इथं नोका बसू," ती म्हणाली.

तो उठला आणि जिन्यापाशी जाऊन उभा राहिला. टीनाला वॉर्डात हलवेपर्यंत तो तिथेच उभा होता.

घरी त्याला जेवण जाईना. विजयानं समजावलं की मुद्दाम काही केलं नव्हतं, कोणाच्याही हातून झालं असतं. त्याला त्यातलं खरेपण कळत होतं आणि उपयोग होत नव्हता. अंथरुणावर पडलं की त्याला हटवारांची फाईल दिसायची, तिच्यातली कोरी जागा दिसायची. त्यानं त्या माणसाला कधी पाहिलंही नव्हतं. हॉस्पिटलकडून हटवारांच्या घरी कोण जाणार हे ठरत नव्हतं. वकिलांना विचारून मग बघू, असं चाललं होतं. एका सकाळी तो कामावर जायला म्हणून निघाला आणि स्कूटर सेक्टर सहाकडे वळवली.

तेरवी नुकतीच झाली होती. क्वार्टरच्या अंगणात मांडवाचे बांबू एका बाजूला रचून ठेवलेले होते. रायपूरहून आलेला मुलगा सुमेध आणि आई सिंधुताई, दोघंच घरात होते. हॉस्पिटलातून आलो म्हटल्यावर त्यांना वाटलं, भेटायला आला. सिंधुताईंनी त्याला खुर्ची दिली आणि स्वतः खाली बसल्या. दवाखान्याचे लोक चांगले होते, त्याईची फार सेवा केली, असं त्या म्हणाल्या.

प्रफुल्ल खुर्चीवरून उतरून खाली बसला आणि त्यानं सांगितलं. कर्नल, नंबर, पिन हे त्यांना कळणार नाही म्हणून त्यानं ते सोपं करून सांगायचं घरून ठरवून आणलं होतं, पण प्रत्यक्षात फार बोलावं लागलं नाही. रक्त ठेवायचा फ्रिज गरम झाला होता, मशीन थंड सांगत होतं, मशीन माझं होतं. तुमच्या घरच्यांना दिलेलं रक्त चांगलं होतं की खराब, ते आता कोणालाच सांगता येत नाही. कदाचित चांगलंही असेल.

सुमेध उभा राहिला. "मतलब आप लोगों ने मार दिया उनको," तो म्हणाला. आवाज चढवला नव्हता. बोलून झाल्यावर त्यालाच त्या वाक्याचा धक्का बसल्यासारखा तो पुन्हा खाली बसला.

सिंधुताई मात्र प्रफुल्लकडे पाहत नव्हत्या. त्या समोरच्या भिंतीकडे बघत होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते, काही आठवून जुळवत असल्यासारखे.

"त्याईले थंडी वाजली होती," त्या म्हणाल्या.

प्रफुल्लला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"रगत लावलं, अन् घंटाभरानं त्याईले थंडी वाजून राहिली होती. एवढ्या गर्मीत. मी सिस्टरले सांगतलं. सिस्टर म्हने, बुढे लोक हायेत, पंखा लागत असन. तिनं पंखा बंद केला." त्या सुमेधकडे वळल्या. "मी तुले सांगतलं नाई. पंख्याचं का सांगाव?"

हॉस्पिटलच्या कागदावर जी जागा कोरी होती, ती इथे या बाईच्या मनात पहिल्यापासून भरलेली होती, आणि तिला ते आता, याच क्षणी कळलं होतं. प्रफुल्लनं ते तिला कळवलं होतं. कदाचित चांगलंही असेल, हे स्वतःचं मघाचं वाक्य त्याच्या कानात राहिलं होतं आणि आता ते परत घेताही येत नव्हतं. तो उठला आणि चप्पल घालायला दारात गेला.

मागून सिंधुताईंनी विचारलं, "हे कोनाले तरी सांगा लागन ना?"

चौकशी सचिवांच्याच खोलीत झाली. औषध विभागाचे निरीक्षक रायपूरहून आले होते, प्रौढ, हळू बोलणारे. दामिनीचं झालं, डॉक्टरबाईंचं झालं, हटवारांच्या वेळच्या सिस्टरचंही झालं; ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. प्रफुल्लचा जबाब सगळ्यात लांबला. निरीक्षकांना नंबर कसे सरकले ते समजून घ्यायचं होतं. त्यानं कागदावर चौकोन काढून दाखवलं. तुमच्याशिवाय आणखी कोणी हे तपासायला हवं होतं का, असं त्यांनी विचारलं. नाही, त्यानं सांगितलं, मीच तपासायला हवं होतं. वायर काढून बघायला क्षणभरसुद्धा लागत नाही. त्यांनी ते तसंच लिहून घेतलं. ब्लड बँकेचा परवाना तोवर थांबवला गेला होता आणि प्रफुल्लला पुढचं कळेपर्यंत कामावर येऊ नका असं सांगण्यात आलं होतं. जबाब संपल्यावर त्याला दाराजवळच्या बाकावर थांबायला सांगितलं, काही विचारायचं राहिलं तर असावा म्हणून.

सिंधुताई शेवटी आल्या. सुमेध बरोबर होता. त्यांनी पांढरी सुती साडी नेसली होती आणि खुर्चीच्या अगदी कडेवर त्या बसल्या. निरीक्षकांना मराठी समजत होती, लिहिता येत नव्हती. त्या बोलतील तसं ते हिंदीत लिहून मोठ्यानं वाचून दाखवणार होते. सिंधुताईंनी पतीला दवाखान्यात आणल्यापासून सांगायला सुरुवात केली. त्या अडखळत नव्हत्या. पिशवी आणली तेव्हा जेवणाची गाडी येऊन गेली होती, हे त्यांना आठवत होतं. मग थंडी वाजल्याचं त्यांनी सांगितलं. निरीक्षकांनी लिहिलं आणि वाचलं:

"रक्त चढ़ाने के लगभग एक घंटे बाद मृतक को ठंड लगने लगी."

सिंधुताईंनी हात थोडा वर केला.

"मृतक नोका लिवू," त्या म्हणाल्या.

निरीक्षकांनी त्यांना समजावलं की असं लिहायची पद्धत असते, त्यात अनादर नाही. सुमेधही आईच्या खांद्यावर हात ठेवून तेच म्हणाला.

"पद्धत असन, साहेब. पण तवा ते जित्ते होते. माह्यासंग बोलून राहिले होते."

निरीक्षकांनी क्षणभर त्या कागदाकडे पाहिलं, मग एक शब्द खोडला आणि त्याच्या वर बारीक अक्षरात लिहिलं. लिहिलेलं त्यांनी वाचून दाखवलं: श्री नरहरी हटवार को ठंड लगने लगी.

"हां," सिंधुताई म्हणाल्या. "मंग मी पुसलं, आंगावर टाकू का काही. ते म्हनले, टाक."